तिसरा अर्ज पाठवण्याआधी : प्रवेश समित्यांना एक खुलं पत्र

प्रति,
समुपदेशन मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेश समित्यांचे सदस्य

विषय : अर्जातला 'तुम्हाला समुपदेशक का व्हायचं आहे?' हा प्रश्न

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

वरच्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर दोनदा पाठवलं आणि दोन्ही वेळा नकार आला. तिसऱ्यांदा लिहायला बसले, पहिलं वाक्य नऊ वेळा खोडलं, आणि लक्षात आलं की निबंध राहू दे, आधी तुमच्याशीच बोलायला हवं. हे पत्र कुठल्या एका विद्यापीठाला उद्देशून नाही. नकार पचला नाही म्हणून बाई कुरकुरतेय, असं कुणाला वाटेल. त्यात थोडं तथ्य आहे. ते मान्य करून पुढे जाते.

मी पेशाने लेखापरीक्षक. अकरा वर्षं इतरांचे हिशेब तपासण्यात गेली. या कामाने माणसाला एक खोड लागते. समोरच्याने काहीही सांगितलं की आपण म्हणतो, 'व्हाउचर कुठंय?' गोदामात इतका माल आहे, हे कंपनीने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं तरी आम्ही गोदामात जातो आणि खोकी मोजतो. लिहून देणारा खोटारडा असतो असं नाही. पण लिहिलेला माल आणि असलेला माल यांत फरक पडतो, हे अनुभवाने कळलेलं असतं. नोकरी सांभाळून मी मानसशास्त्राचे आवश्यक ते सगळे विषय पूर्ण केले, आणि गेली तीन वर्षं आठवड्यातून एक रात्र हेल्पलाइनवर बसते. तरीही खोड जात नाही. तुमची प्रवेशप्रक्रिया मी त्याच नजरेने पाहिली, याबद्दल आधीच माफी मागते.

पहिल्या अर्जात मी खरं लिहिलं. पंचविशीत मला नैराश्याचा आजार झाला होता, वर्षभर उपचार घेतले, आणि एका समुपदेशक बाईंच्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की कुणीतरी मन लावून ऐकणं म्हणजे काय असतं. या वाटेवर मी त्यामुळेच आले, म्हणून तेच लिहिलं. मुलाखतीत एका सदस्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आता तुम्ही पूर्ण बऱ्या आहात, हे आम्ही कशावरून समजायचं?" वीस मिनिटांतली चौदा मिनिटं त्या एका वर्षावर गेली. उरलेल्या सहा मिनिटांत फी, वसतिगृह आणि नोकरी सोडणार का, हे झालं.

दुसऱ्या वर्षी शहाणी झाले. निबंधातून स्वतःला पुसून टाकलं. संशोधनाची आवड, विषयातली गती, तुमच्या विभागातल्या प्राध्यापकांच्या कामाचे उल्लेख, सगळं जागच्या जागी. यावेळी दुसऱ्या एका ठिकाणाहून नकार आला. कारण विचारायला फोन केला, तर सौजन्याने सांगितलं गेलं, "अर्ज नीटनेटका आहे, पण त्यात तुम्ही कुठे दिसत नाही."

दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यायले, तर फुंकणंच नडलं.

नंतर कळलं की यातलं अर्धं कोडं 2006 सालीच छापून आलेलं होतं. ड्रू ॲपलबी आणि कॅरेन ॲपलबी या दोघांनी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश समित्यांच्या 88 अध्यक्षांना विचारलं होतं, की चांगल्या अर्जाचा घात कशाने होतो? उत्तरांत वाईट शिफारसपत्रं होती, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, अभ्यासक्रमाची काहीच माहिती नसणं होतं, छाप पाडण्याची केविलवाणी धडपड होती. आणि निबंधाच्या बाबतीत होतं ते हे : स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल प्रमाणाबाहेर सांगणं, आणि 'मला लोकांची मदत करायची आहे' हा भाबडा सूर. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसले. माझ्या पहिल्या अर्जात दोन्ही होतं, ठासून.

माझी पहिली तक्रार इथे आहे. हा नियम तुम्हाला माहीत आहे. ज्यांचे वरच्या वर्गातले मित्र किंवा ओळखीचे प्राध्यापक मसुदा वाचून देतात, त्यांनाही माहीत आहे. तो फक्त अर्जावर छापलेला नाही. अर्जावर छापलंय ते असं : 'या क्षेत्राकडे तुम्हाला आणणारे व्यक्तिगत अनुभव सविस्तर लिहा.' मी आज्ञाधारकपणे सविस्तर लिहिलं. हा सापळा मुद्दाम लावलाय असं मी म्हणत नाही. पण सापळ्यात कोण अडकतं ते बघा. ज्याच्या घरात, ओळखीत या वाटेने आधी कुणी गेलेलं नाही, नेमका तोच.

तुमची भीती निराधार आहे, असंही मला म्हणायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग ज्याला जखमी वैद्य म्हणायचे, म्हणजे स्वतः दुखणं भोगलेला आणि त्यातूनच इतरांना बरं करणारा, त्याच्याबद्दल लोक फार हळवं होऊन बोलतात. पण जखम ओली असेल तर ती समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या अंगावर वाहते. हेल्पलाइनवर माझ्यासोबत प्रशिक्षण घेणारा एक मुलगा प्रत्येक फोनवर, घटस्फोटाचा असो की परीक्षेचा, दहाव्या मिनिटाला स्वतःच्या वडिलांची गोष्ट सांगू लागायचा. चांगला मुलगा. त्याला थांबवलं गेलं ते योग्यच झालं, आणि थांबवणं कुणाला तरी करावंच लागतं. ते काम तुमच्याकडे आहे. विद्यार्थ्याची हौस आणि उद्याच्या अशिलाची, म्हणजे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसाची, सुरक्षितता यांत तुम्ही अशिलाची बाजू घ्यावी, हे मला पूर्ण मान्य आहे.

प्रश्न एवढाच, की जखम ओली आहे की सुकलीय, हे दोन पानी निबंधावरून कळतं का? आणि वीस मिनिटांच्या गप्पांवरून? व्हाउचर कुठंय?

या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शास्त्राने कधीच देऊन ठेवलं आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1954 साली दाखवून दिलं की माणसाचं पुढे काय होईल हे सांगायला तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा थोड्या आकड्यांचा मेळ घालणारं साधं सूत्र बहुधा सरस ठरतं, निदान मागे तरी पडत नाही. त्याच शास्त्रातल्या रॉबिन डॉज यांनी तर 1971 मध्ये थेट तुमच्याच टेबलाकडे मोर्चा वळवला. ओरेगॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात प्रवेश समितीने विद्यार्थ्यांना दिलेले गुण आणि त्याच विद्यार्थ्यांना पुढे प्राध्यापकांनी दिलेली पसंती त्यांनी ताडून पाहिली. प्रवेश परीक्षेतले गुण, पदवीचे गुण आणि आधीच्या महाविद्यालयाचा दर्जा यांच्या साध्या बेरजेने समितीच्या एकत्रित मतापेक्षा बरं भाकीत केलं. समितीकडे या तिन्ही गोष्टी होत्याच, शिवाय निबंध, शिफारसपत्रं आणि अनुभव! एवढं सगळं हाताशी असून नेम जास्त चुकला.

मुलाखतीचा किस्सा ह्यूस्टनचा. 1979 साली तिथल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने 800 उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, क्रमवारी लावली आणि वरच्या 350 मधून 150 जण निवडले. मग विधिमंडळाने अचानक आदेश दिला की पन्नास जागा वाढवा. तोपर्यंत वरचे लोक इतरत्र गेलेले. पन्नास जण घ्यावे लागले ते यादीच्या तळातून, 700 ते 800 क्रमांकांमधले. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली. वर्गात, रुग्णांच्या खाटेशी, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात, फरक सापडला नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी ज्यांना तळाला ढकललं होतं ते वरच्यांइतकेच चांगले डॉक्टर निघाले. वैद्यक म्हणजे समुपदेशन नव्हे, हे मला कळतं. तरीही हा किस्सा वाचल्यापासून ते चष्मा काढणारे सदस्य आठवले की पूर्वीइतका राग येत नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, गुणांची बेरीज करून मोकळं व्हायचं? समुपदेशक काय फक्त गुणांवर निवडायचा? नाही. बेरजेने हुशार विद्यार्थी सापडेल. तो माणसासमोर बसल्यावर काय करेल, हे बेरजेत येत नाही. मला ज्यावर बोलायचंय ते हेच.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा 1957 सालचा निबंध तुम्ही दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवता. सहानुभाव, विनाअट स्वीकार, आतबाहेर एकच असणं. बदल घडायला या गोष्टी लागतात आणि पुरतात, असं त्यांनी मांडलं, आणि आपल्या यादीत विशेष व्यावसायिक ज्ञानाची अट नाही, हेही स्पष्ट केलं. ते 'पुरतात' वर अजून वाद चालतो, चालू दे. मला त्यांचं दुसरंच काम मोठं वाटतं. त्यांनी समुपदेशनाच्या खोलीत ध्वनिमुद्रण यंत्र नेलं. 1942 च्या त्यांच्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या अशिलाबरोबरच्या आठ बैठका शब्दशः छापलेल्या आहेत, हुंकारांसकट. त्याआधी समुपदेशक खोलीत काय करतो, हे कळायचं ते बाहेर आल्यावर तो जे सांगेल त्यावरून. रॉजर्सनी तबकडी लावली आणि म्हटलं, ऐका. माझ्या भाषेत सांगायचं तर ते गोदामात गेले.

अर्जदारांच्या बाबतीत मात्र तुम्ही अजून 1942 च्या आधी आहात. आम्ही कसे आहोत ते आम्हीच लिहून देतो, आणि तुम्ही ते वाचता.

गोदामात जायची वाट नाही, असंही नाही. टिमथी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या 25 समुपदेशकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. चित्रफितीतला अशील कधी चिडलेला, कधी मिठ्ठास बोलून काहीच न सांगणारा, कधी 'तुमच्याने काही होणार नाही' म्हणणारा. तिथे चित्रफीत थांबायची आणि समुपदेशकाने त्या क्षणी जे बोलला असता ते बोलायचं. ही उत्तरं ध्वनिमुद्रित करून त्यांना गुण दिले. त्याच समुपदेशकांकडून आपल्या सामाजिक कौशल्यांबद्दलची प्रश्नावलीही भरून घेतली होती. मग या सगळ्यांच्या मिळून हजारावर अशिलांमध्ये किती सुधारणा झाली ते पाहिलं. चित्रफितीवरचे गुण त्या सुधारणेशी जुळले. प्रश्नावली जुळली नाही.

पंचवीस माणसं म्हणजे नमुना लहान, हे माझ्यातली लेखापरीक्षक ताबडतोब पुटपुटते. पण ज्या निबंधावर तुम्ही दरवर्षी शेकडो लोकांचा निकाल लावता, त्याच्या मागे एवढा तरी पुरावा आहे का? स्वतःबद्दल स्वतः भरलेली प्रश्नावली हरली, आणि आमचा निबंध म्हणजे तरी काय, परिच्छेद पाडलेली प्रश्नावलीच.

माझंच उदाहरण देते. हेल्पलाइनवरचा माझा चौथा फोन. बोलणारा हळू आवाजात, तुटक बोलत होता. मी दुसऱ्या मिनिटाला उपाय सांगितला. तिसऱ्या मिनिटाला फोन बंद झाला. शेजारी दुसरा हेडफोन लावून बसलेल्या सुपरव्हायझर बाईंनी विचारलं, "काय म्हणत होते?" मी सगळं सांगितलं, मुद्द्यांसकट. त्या म्हणाल्या, "आणि कसं म्हणत होते?" मला सांगता येईना. आवाज कुठे अडखळला, कुठे श्वास घेतला, 'तसं काही नाही' हे किती वेळा आलं, काही आठवेना, कारण मी तेव्हा उपाय जुळवत होते. हिशेबनीस ना मी, रकाना रिकामा दिसला की भरायचा. त्यानंतर जवळपास सहा महिने मला एकच काम होतं : गप्प राहायला शिकणं. आणि गप्प राहणं म्हणजे फोनच्या या टोकाला कुणी नसणं नव्हे, हे शिकायला आणखी तितकेच. एकदा एक बाई चार मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. घड्याळ समोर होतं म्हणून चार म्हणतेय, वाटली चाळीस. मी मधून एकदाच म्हटलं, "मी आहे." मग त्या बोलल्या.

अर्जात यासाठी रकाना आहे : 'संबंधित अनुभव (एकूण तास)'. मी आकडा लिहिला, चारशे चाळीस. त्यात तो चौथा फोनही आहे आणि ती चार मिनिटंही. दोन्हींची किंमत सारखीच धरली गेली. चुकीबद्दल विचारणारा रकाना तर कुठल्याच अर्जात सापडला नाही. 'तुमच्या कमकुवत बाजू' असतो, आणि त्यात सगळे 'मी फार परिपूर्णतावादी आहे' असं लिहितात हे तुम्हालाही पाठ असेल.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं, ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेलं. ते किती अचूक वाटलं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. तुमच्याकडे येणारी शिफारसपत्रं वाचताना फोरर यांची आठवण होत नाही का? 'कष्टाळू, संवेदनशील, इतरांशी मिळूनमिसळून वागणारी.' माझ्या एका प्राध्यापकांनी तर मला म्हटलं, तूच मसुदा करून आण, मी सही करतो. मी केला. त्यात मी कष्टाळू, संवेदनशील आणि मिळूनमिसळून वागणारी होते. सुपरव्हायझर बाईंचं पत्र मात्र जोडता आलं नाही, कारण त्या प्राध्यापक नाहीत आणि अर्जात पर्याय फक्त प्राध्यापकांचा होता. मला ऐकताना ज्या एकाच व्यक्तीने ऐकलंय, तिचं मत तुम्हाला नको होतं.

एक गंमत जाता जाता. तुमच्या शाखेचं मूळ कुठलं, तर बोस्टनमधल्या फ्रँक पार्सन्स यांच्या व्यवसाय मार्गदर्शन कार्यालयात, 1908 सालचं. त्यांचं पुस्तक ते गेल्यावर 1909 मध्ये आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : स्वतःला नीट ओळखा, कामाला नीट ओळखा, मग दोहोंचा मेळ तर्काने घाला. म्हणजे माणसाला योग्य काम मिळवून देणं, यातून जी शाखा जन्मली, तिलाच स्वतःच्या कामासाठी योग्य माणूस शोधताना निबंधस्पर्धा घ्यावी लागते.

मी मागते ते फार नाही. व्यक्तिगत अनुभव किती हवा, कशासाठी हवा आणि त्याचं पुढे काय होणार, हे अर्जावरच लिहा. आजारपण सांगितल्याने गुण कापले जाणार असतील तर तेही लिहा, म्हणजे सांगणारा जाणूनबुजून सांगेल. मुलाखत घ्यायचीच असेल तर सगळ्यांना तेच प्रश्न, आणि गुण आधी ठरलेल्या निकषांवर, एकमेकांशी चर्चा करण्यापूर्वी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या ठेवल्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक. हे या शतकाच्या सुरुवातीलाच सुरू झालं आणि पुढे बऱ्याच देशांत गेलं. त्यातला एक तरी प्रसंग असा ठेवा, की समोर एक चिडलेला माणूस बसलाय आणि अर्जदाराने पाच मिनिटं त्याच्यासोबत असायचं आहे. चित्रफीत परवडते, तीही चालेल. तीत कच्चा निघालेला प्रत्येक जण बाद करा, असंही माझं म्हणणं नाही. त्याला चूक दाखवा आणि पुन्हा एकदा करायला सांगा. दुसऱ्या खेपेला तो काय बदलतो ते बघा. शिकवायला तर तुम्हीच आहात ना पुढे दोन वर्षं?

आणि नकार देताना एक ओळ लिहा. एकच. फोन करून विचारल्यावर नाही, आपणहून. कारण तुम्ही उद्या ज्यांना शिकवणार, त्यांना पहिल्याच महिन्यात सांगणार आहात की माणसाला काही न सांगता दार लावून घेऊ नये.

अशी परीक्षा घेतलीत तर मी उत्तीर्णच होईन, या खात्रीने हे लिहीत नाही. घाई अजून पूर्ण गेलेली नाही. गेल्याच आठवड्यात एका फोनवर पुन्हा उपाय जुळवायला लागले होते आणि मध्येच स्वतःला पकडलं. कदाचित तुमच्या चित्रफितीसमोर माझी तीच खोड वर येईल आणि मी तिसऱ्यांदा बाहेर राहीन. तसं झालं तर निदान मी काय केलं ते पाहून नकार आला, एवढं तरी मला ठाऊक असेल.

कळावे,
आपली,
एक अर्जदार

ता. क. मुदत संपायला चार दिवस आहेत. निबंधाचं पहिलं वाक्य दहाव्या खेपेला ठरलं : 'दुसऱ्या मिनिटाला मी उपाय सांगितला आणि तिसऱ्या मिनिटाला फोन बंद झाला.' आजाराबद्दल एक वाक्य ठेवलं आहे, ते काढणार नाही. शब्दमर्यादा पाचशेची आहे, तेव्हा चार मिनिटांच्या शांततेचं त्यात बसलं नाही. मुलाखतीत विचारलंत तर सांगेन.